विजेला मोजपट्टी लावणारा शाळामास्तर

घरातल्या इस्त्रीच्या बुडाशी किंवा दांड्याजवळ दोन आकडे छापलेले असतात : २३० व्होल्ट आणि १००० वॉट. एवढ्या दोन आकड्यांवरून इस्त्रीच्या पोटातल्या तारेची सारी कुंडली मांडता येते. हजाराला २३० ने भागले की तारेतून वाहणारा प्रवाह मिळतो, साधारण ४.३५ अँपिअर. मग २३० ला या ४.३५ ने भागले की तारेचा रोध मिळतो, सुमारे ५३ ओहम. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरून १८० व्होल्टवर आला, तर रोध जवळजवळ तोच राहतो, पण प्रवाह ३.४ अँपिअरपर्यंत घसरतो आणि १८० गुणिले ३.४ या हिशेबाने इस्त्रीची शक्ती ६१२ वॉटच उरते. म्हणजे दाब घटला २२ टक्क्यांनी, पण उष्णता घटली ३९ टक्क्यांनी. कमी दाबाच्या विजेवर इस्त्री तापता तापत नाही, त्याचे कारण हे आहे.

वायरमन हे गणित बोटांवर करतो आणि शाळेतला विद्यार्थी त्यासाठी दोन गुण मिळवतो. व्होल्ट भागिले अँपिअर बरोबर ओहम, या भागाकारात अवघड असे काहीच नाही. मात्र हा भागाकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या जॉर्ज सायमन ओहम यांच्यापाशी ना व्होल्ट होता, ना अँपिअर. ही दोन परिमाणे तर नव्हतीच, पण विजेच्या बाबतीत दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सांगड तिसऱ्या एका गोष्टीने घातली जाते, ही कल्पनादेखील त्या काळी धूसर होती. ती स्पष्ट करण्यासाठी ओहम यांनी शाळेतली पक्की नोकरी पणाला लावली आणि ती गमावलीही.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगन या विद्यापीठाच्या गावातला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे-किल्ल्या घडवणारे कारागीर. शाळेचे शिक्षण नव्हते, पण या माणसाने स्वतःच्या बळावर गणित आणि तत्त्वज्ञान इतके आत्मसात केले होते की आपल्या मुलांना तो स्वतःच शिकवत असे. सात भावंडांपैकी जगली ती तीनच : जॉर्ज, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असलेला मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. गावातल्या शाळेत विज्ञान फारसे शिकवले जात नव्हते. पण घरी संध्याकाळी वडील मुलांना जे शिकवत, ते पाहून विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडॉर्फ चकित झाले. दोन्ही मुलांची परीक्षा घेऊन त्यांनी स्वित्झर्लंडच्या विख्यात बर्नोली बंधूंशी त्यांची तुलना केली. मार्टिन पुढे खरोखरच नामवंत गणिती झाला.

वडिलांच्या हातातली कानस आणि डोक्यातले गणित, या दोन्हींचा वारसा जॉर्जला मिळाला होता. पुढे कोलोनच्या प्रयोगशाळेत त्याला जी नाजूक उपकरणे हवी होती, ती घडवताना ही कारागिरी कामी आली. चरित्रकार गणिताकडे अधिक लक्ष देतात, पण कानशीचे महत्त्व कमी लेखू नये.

विद्यापीठातला जॉर्ज मात्र वडिलांच्या कल्पनेतला विद्यार्थी नव्हता. १८०५ मध्ये सोळाव्या वर्षी तो एर्लांगनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि नाच, बर्फावरची घसरगुंडी व बिलियर्ड यांत रमला. संधी हाती असताना पोरगा ती वाया घालवतो आहे, हे स्वतः शिकू न शकलेल्या बापाला सहन होणे शक्यच नव्हते. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि १८०६ मध्ये सतरा वर्षांच्या जॉर्जची रवानगी स्वित्झर्लंडला झाली. तेथे गॉटस्टाट येथील शाळेत तो गणित शिकवू लागला. पुढे त्याने लांग्सडॉर्फ यांच्या मागोमाग हायडेलबर्गला शिकायला जाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा त्यांनी वेगळाच सल्ला दिला. विद्यापीठापेक्षा ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांचे ग्रंथ स्वतः वाचावेत, असे त्यांचे म्हणणे पडले. ओहम यांनी ते ऐकले. नोशातेल येथे खासगी शिकवण्या करत त्यांनी हे ग्रंथ अभ्यासले आणि १८११ मध्ये एर्लांगनला परतून त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

पदवी मिळाली, पण पोट भरेना. एर्लांगनला अध्यापक म्हणून तीन सत्रे काढल्यावर त्यांनी ती जागा सोडली, कारण पैसा तुटपुंजा होता आणि बढतीची आशा नव्हती. बव्हेरिया सरकारने त्यांना १८१३ मध्ये बांबर्गच्या एका सामान्य शाळेत नेमले. ती शाळा १८१६ मध्ये बंद पडली आणि ओहम दुसऱ्या शाळेत गेले. या कंटाळवाण्या वर्षांत त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले. ते १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्याकडेही त्यांनी ते पाठवले. या पुस्तकानेच त्यांचे नशीब थोडे उघडले. त्याच वर्षी कोलोन येथील जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. या शाळेत भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती आणि विद्यार्थीही गुणी होते. गणिताच्या इतिहासात अजरामर झालेला डिरिश्ले हा याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकला.

विजेकडे ओहम वळले ते १८२० नंतर. त्या वर्षी कोपनहेगनच्या ओर्स्टेड यांनी तारेतून वीज वाहू लागली की शेजारची चुंबकसूची हलते, हे दाखवून दिले आणि युरोपभर प्रयोगांची लाट उसळली. विजेचा प्रवाह मोजण्याचे साधन त्यातून पहिल्यांदाच हाती आले. प्रवाह जितका मोठा, तितकी सूची अधिक ढकलली जाणार. ओहम यांनी प्रश्न घेतला तो अगदी साधा : तीच विद्युतघटमाला ठेवून तार लांब केली, तर सूचीवरचा जोर किती कमी होतो?

पहिला प्रयत्न फसला. त्या काळची विद्युतघटमाला अत्यंत लहरी होती. जोडणी केल्याबरोबर जोर उसळे आणि पाहता पाहता ओसरे. अशा डळमळीत पायावर घेतलेल्या मोजमापांतून ओहम यांनी लॉगरिदमचा अंतर्भाव असलेले एक सूत्र काढले आणि १८२५ मध्ये ते घाईने प्रसिद्धही केले. हे सूत्र चुकीचे होते. ही घाई त्यांना पुढे महागात पडली, कारण बरोबर सूत्र घेऊन ते पुन्हा उभे राहिले तेव्हा अनेकांच्या लक्षात पहिलेच राहिले होते.

वाट दाखवली ती पोगेनडॉर्फ या संपादकाने. घटमाला सोडून उष्णताविजेचा वापर करावा, असे त्यांनी सुचवले. दोन वेगवेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांवर ठेवले की त्यांतून वीज वाहते, हा शोध थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये लावलेला होता. ओहम यांनी बिस्मथचा वाकवलेला दांडा घेतला आणि त्याच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी जोवर उकळते आहे आणि बर्फ जोवर वितळते आहे, तोवर दोन्हींचे तापमान बदलत नाही आणि म्हणून विजेमागचा रेटाही बदलत नाही. सगळ्या प्रयोगाचे मर्म या एका योजनेत आहे. दाब मोजण्याचे साधन हाती नसेल, तर निदान तो स्थिर ठेवता आला पाहिजे.

पट्ट्यांची मोकळी टोके पाऱ्याच्या वाट्यांत बुडवली आणि त्या वाट्यांमध्ये एकेक तांब्याची तार जोडून पाहिली. अशा आठ तारा होत्या, एकाच जाडीच्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. वर टांगलेली चुंबकसूची प्रवाहाने ढळली की ती ज्या धाग्याला लटकवली होती तोच पिळून तिला पुन्हा जागेवर आणायचे आणि किती पीळ द्यावा लागला ते वाचायचे. जानेवारी १८२६ मध्ये घेतलेल्या एका मालिकेत दोन इंची तारेला ३२६.७५ भाग पीळ लागला, ३४ इंचीला १३४.५ आणि १३० इंचीला ४८.५.

या आकड्यांकडे वरवर पाहिले तर नियम दिसत नाही. दोन इंचांची तार चार इंचांची केली, तर प्रवाह निम्मा व्हावा असे वाटते, पण तो ३२६.७५ वरून ३००.७५ इतकाच उतरला. ओहम यांना उलगडा झाला तो असा की वीज केवळ त्या तारेतून जात नाही. ती बिस्मथमधून, तांब्याच्या पट्ट्यांमधून आणि पाऱ्यामधूनही जाते, आणि ते सारेही तिला अडवतात. त्या सगळ्या अडवणुकीची बेरीज त्याच तांब्याच्या तारेच्या सुमारे सव्वावीस इंचांएवढी धरली, की कोडे सुटते. ७,२८५ हा आकडा घ्यावा आणि त्याला सव्वावीस अधिक तारेची लांबी, यांनी भागावे. दोन इंचांसाठी उत्तर येते ३२७.४, चौतीस इंचांसाठी १३४.३ आणि एकशेतीस इंचांसाठी ४८.५. मोजमापांशी इतका जवळचा मेळ ज्या उपकरणाने साधला, ते एका शाळामास्तराने उभारलेले होते.

पण हे ७,२८५ आणि सव्वावीस म्हणजे नेमके काय? याचा छडा लावण्यासाठी ओहम यांनी उकळते पाणी काढून टाकले आणि सांधा खोलीच्या तापमानाला ठेवला. जानेवारीचा महिना होता, बर्फाच्या आणि खोलीच्या तापमानातला फरक फारच थोडा. पहिला आकडा घसरून साधारण दहाव्या भागावर आला. दुसरा मात्र होता तेथेच राहिला. म्हणजे पहिला आकडा विजेला पुढे ढकलणाऱ्या रेट्याचा आणि दुसरा मार्गातल्या अडवणुकीचा. रेटा कमी-जास्त केला तरी अडवणूक बदलत नाही; ती धातूची, त्याच्या लांबीची आणि जाडीची असते. आजच्या भाषेत, प्रवाह म्हणजे विद्युतदाब भागिले एकूण रोध. टॉर्चमधले जुने सेल दिवा पेटवताच मंदावतात, यालाही सेलच्या पोटातला हाच अंतर्गत रोध कारणीभूत असतो. ओहम यांच्या समीकरणातला सव्वावीस इंच तो हाच.

हा नियम अभेद्य नाही, हेही येथेच सांगायला हवे. तापमान स्थिर असेल तरच रोध स्थिर राहतो. ६० वॉटचा पिवळा दिवा पेटलेला असताना २३० व्होल्टच्या हिशेबाने त्याचा रोध सुमारे ८८० ओहम भरतो. तोच दिवा विझवून, थंड करून मीटरने तपासला तर रोध दहापट किंवा त्याहूनही कमी आढळतो, कारण तप्त टंगस्टन विजेला कितीतरी अधिक अडवते. पंखा किंवा मोटारीच्या बाबतीत तर व्होल्ट गुणिले अँपिअर हा साधा गुणाकारही वॉटचा खरा आकडा देत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहात दाब आणि प्रवाह यांची पावले जुळत नसल्याने त्यात आणखी एक गुणक घालावा लागतो. इस्त्री, गीझर, शेगडी यांना मात्र ओहम यांचे गणित चपखल बसते.

१८२६ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या शाळेतून वर्षभराची रजा घेतली, तीही अर्ध्या पगारावर, आणि ते बर्लिनला भाऊ मार्टिनजवळ गेले. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवून देईल असा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा इरादा होता. विद्युत मंडलाची गणिती मीमांसा करणारा हा जर्मन ग्रंथ १८२७ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या उष्णतावहनाच्या सिद्धांताचा आधार घेतला. सळईच्या दोन टोकांच्या तापमानांत फरक असेल तर उष्णता वाहते. त्याचप्रमाणे तारेच्या दोन टोकांच्या विद्युत अवस्थेत फरक असेल तर वीज वाहते, अशी ती मांडणी. त्यातली प्रत्येक गोष्ट बरोबर नव्हती. तारेतल्या या विद्युत अवस्थेचा त्यांनी लावलेला अर्थ पुढे १८४९ मध्ये किर्कहॉफ यांना दुरुस्त करावा लागला. पण नियम पक्का होता.

ग्रंथाला मिळालेला प्रतिसाद थंड होता आणि काही ठिकाणी तो विखारी होता. बर्लिनमध्ये त्या वेळी हेगेल यांच्या तत्त्वज्ञानाचा दबदबा होता आणि निसर्गाचे आकलन गणिताच्या समीकरणांतून होते, हे म्हणणे त्या वर्तुळाला उथळ वाटे. पोल नावाच्या प्राध्यापकाने एका वजनदार नियतकालिकात ग्रंथाची सालटी काढली आणि ही मांडणी म्हणजे निव्वळ कल्पनाजाल असल्याचा ठपका ठेवला. शिक्षण खात्यातले वरिष्ठ अधिकारीही याच मताचे होते. प्राध्यापकपदाची आशा मावळली. मार्च १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हाती दुसरी नोकरी नसताना, लग्न-संसार नसलेल्या या माणसाने सोडली ती एकमेव स्थिर जागा.

ओहम यांची चरित्रे येथे बहुधा हुंदका देतात आणि सारा जर्मनी त्यांच्यावर उलटला होता असे चित्र रंगवतात. ते तितकेसे खरे नाही. पोगेनडॉर्फ आणि श्वाइगर हे संपादक त्यांचे लेख छापत होते, आणि लाइपझिगच्या फेश्नर यांनी १८३१ मध्ये स्वतःच्या विस्तृत मोजमापांनी नियमाला पुष्टी दिली. सेंट पीटर्सबर्गचे लेंझ यांनीही तो उचलला. ग्रंथाचा दोषही थोडा होताच. त्यात प्रयोग बाजूला पडले होते आणि गणित पुढे आले होते. जे वाचकाला सर्वांत पटले असते, ते पाऱ्याच्या वाट्यांचे आणि आठ तारांचे साधे कोष्टक आधीच्या एका लेखात राहिले होते. तरीही पाच वर्षे ओहम बर्लिनमध्ये सैनिकी विद्यालयात आठवड्याचे मोजके तास घेत तगून राहिले, ही वस्तुस्थिती कोणत्याही हुंदक्याविना पुरेशी बोलकी आहे. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापक म्हणून घेतले गेले आणि १८३९ मध्ये ते तिचे प्रमुख झाले. पण हे विद्यापीठ नव्हते.

मान्यता आली ती समुद्रापलीकडून. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये आपला सर्वोच्च सन्मान, कोप्ली पदक, ओहम यांना दिले. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद झाला आणि पुढच्या वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. इंग्लंडला या नियमाची गोडी लागली, त्यामागे व्यवहार होता. तारायंत्राचा उदय झाला होता आणि मैलोगणती तारेतून संदेश पाठवायचा तर किती घट जोडावे लागतील, हे आधी सांगू शकणारे गणित ओहम यांच्याशिवाय कोणापाशी नव्हते. व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये याच नियमाच्या आधारे रोध मोजण्याच्या पद्धती तपशिलाने मांडल्या. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला सेतू मुळात क्रिस्टी यांचा होता आणि व्हीटस्टन यांनी तसे मान्यही केले होते; पण नावे देण्याच्या बाबतीत विज्ञान फारसे न्यायी नसते.

याचा आणखी एक दाखला ओहम यांच्या बाबतीतच घडला. इंग्लंडमधले हेन्री कॅव्हेंडिश हे एकलकोंडे उमराव १७८१ च्या सुमारास जवळजवळ याच निष्कर्षाला पोहोचले होते. मोजण्याचे साधन नसल्याने त्यांनी मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून विजेचे झटके स्वतःच्या अंगावर घेतले आणि कोणता झटका अधिक जोराचा, यावरून हिशेब मांडला. परंतु त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही. मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे १८७९ मध्ये छापली, तोवर ओहम यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध, इथवर ओहम यांनी आणून सोडले. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, हा हिशेबाचा दुसरा अर्धा भाग सिद्ध केला तो मँचेस्टरजवळच्या एका मद्यनिर्मात्याच्या मुलाने. जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी तारेचे वेटोळे पाण्यात बुडवले, त्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते तापमापकावर पाहिले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट, आणि रोध दुप्पट केला की उष्णता दुप्पट, असे त्यांना आढळले. १८४१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, कोप्ली पदकाच्याच वर्षी. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या जूल यांच्या सूत्रात ओहम यांचा नियम घातला की दाब गुणिले प्रवाह हे सुटसुटीत रूप मिळते. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे याच गुणाकाराने आलेले हजार वॉट तासभर खर्च होणे. धरणाजवळच्या वीजघरातून शहराकडे वीज प्रचंड दाबाने का आणतात, तेही याच वर्गात दडले आहे. दाब दहापट केला, तर तेवढीच शक्ती वाहून नेण्यास प्रवाह दहावा भाग पुरतो आणि तारा तापण्यात वाया जाणारी वीज शंभराव्या भागावर येते.

न्यूरेम्बर्गच्या वर्षांत ओहम ध्वनीकडे वळले. कान हा संमिश्र नाद ऐकताना त्याचे साध्या सुरांत पृथक्करण करतो, असे त्यांनी १८४३ मध्ये मांडले. त्यावर वाद घालायला उभे राहिले ते ऑगस्ट सीबेक. ज्या थॉमस सीबेक यांच्या शोधावर ओहम यांचा विजेचा प्रयोग उभा होता, त्यांचेच हे चिरंजीव. वादात ओहम यांची बाजू लंगडी पडली. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी तिला आधार दिला, पण तोही ओहम यांच्या पश्चात.

शेवटी १८४९ मध्ये म्यूनिकचे बोलावणे आले : बव्हेरियाच्या अकादमीच्या उपकरण-संग्रहाची देखभाल आणि विद्यापीठात व्याख्याने. त्याच वर्षी पदार्थांच्या रेणूंवरील त्यांच्या नियोजित ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. पुढचे कधीच निघाले नाहीत. स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशावर त्यांनी बरेच काम केले आणि ते प्रसिद्ध करत असताना नॉर्वेच्या लांगबर्ग यांनी तेच आधीच केले असल्याचे त्यांना समजले. प्रायोगिक भौतिकशास्त्राचे विद्यापीठातले पूर्ण प्राध्यापकपद, ज्यासाठी त्यांनी १८२६ मध्ये अर्ध्या पगाराची रजा काढली होती, ते त्यांना १८५२ मध्ये मिळाले. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, म्यूनिक येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव परिमाणाला मिळाले ते समुद्री तारांमुळे. १८६१ मध्ये चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क या दोन तारायंत्र अभियंत्यांनी विजेच्या परिमाणांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत असे सुचवले. गंमत अशी की त्यांच्या यादीत ओहम यांचे नाव विद्युतदाबाला होते आणि व्होल्टा यांचे रोधाला. पुढे ही अदलाबदल दुरुस्त झाली. ब्राइट यांनीच १८६४ मध्ये इराणच्या आखातातून तार टाकून भारताला युरोपशी जोडले, आणि १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी तार समुद्रतळावर अंथरली. अशी तार खोल पाण्यात कोठे तुटली, हे किनाऱ्यावर बसून शोधण्याचा मार्ग ओहम यांचाच. समजा, तारेच्या दर मैलाला दहा ओहम रोध आहे. किनाऱ्यावरून ठराविक दाब देऊन प्रवाह मोजला आणि भागाकार दोन हजार ओहम आला, तर बिघाड साधारण दोनशे मैलांवर. जहाज नेमके तेथे न्यायचे आणि गळ टाकून तार वर ओढायची. एका चुकीच्या भागाकाराची किंमत येथे कित्येक दिवसांच्या कोळशात मोजली जाई.

१८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही परिमाणे स्वीकारली. वॉटचे नाव विल्यम सीमेन्स यांनी पुढच्याच वर्षी सुचवले. विजेला वाट करून देण्याच्या गुणाला, म्हणजे रोधाच्या उलट राशीला, लॉर्ड केल्विन यांनी ओहम यांच्या नावाची रोमन अक्षरे उलटी करून म्हो असे नाव दिले. हा विनोद अभियंत्यांच्या पुस्तकांत शतकभर टिकला.

ओहम म्हणजे नेमका किती रोध, हे त्या काळी पाऱ्यानेच ठरवले जाई. शून्य अंश तापमानाला एक चौरस मिलिमीटर छेदाचा आणि १०६.३ सेंटिमीटर लांबीचा पाऱ्याचा स्तंभ, अशी व्याख्या १८९३ मध्ये मुक्रर झाली. १९८० मध्ये जर्मनीच्याच क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना, अतिशीत तापमानात आणि प्रबळ चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या अर्धवाहकाचा एका दिशेने मोजलेला रोध पायऱ्यापायऱ्यांनीच बदलतो आणि प्रत्येक पायरी निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांनी बांधलेली असते, असे आढळले. जगभरच्या मानक प्रयोगशाळा त्याच पायऱ्यांवर आपली उपकरणे पडताळतात. त्यांतली पहिली पायरी २५,८१२.८ ओहमची आहे.